एका चमच्यात एकरभर रान

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातुरात चहा मिळणं मुश्कील. दुकानांची शटरं खाली, रिक्षा गायब, गंजगोलाईच्या बाजारपेठेत शुकशुकाट. शहरच्या शहर रानात गेलेलं असतं. वेळ अमावस्या, आमच्या बोलीत येळवस, हा सण लातूर, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या बीदर भागात दिवाळीच्या तोडीचा. ज्याला स्वतःचं रान नाही त्यालाही कुणी ना कुणी आपल्या रानात ओढून नेतंच.

मी मामांच्या रानात जातो. निलंगा तालुक्यात, तेरणा नदी मांजरेला मिळते त्या औराद शहाजानीच्या अलीकडं. रस्ता माळावरून खाली उतरायला लागला की खोरं एकदम उघडतं. दोन्ही अंगांना सपाट माथ्याचे, वाळक्या गवताचे माळ आणि मध्ये पार नदीपर्यंत पसरलेली काळी. डिसेंबरात ती काळी डोळ्यांना दिसत नाही. ज्वारी छातीला लागलेली, पोटऱ्यात आलेली. हरभऱ्याला घाटे धरलेले, मध्येच करडईची काटेरी पट्टी. नदीकडून गार वारं सुटतं आणि सगळी ज्वारी एकाच कुशीवर वळते. इतकं देखणं खोरं, पण सहलीच्या जाहिरातीत त्याचा फोटो मी आजवर पाहिलेला नाही.

जेवणाला अवकाश होता. मामी कडब्याच्या कोपीत पांडवांची मांडणी करत होत्या. गेल्या उन्हाळ्यात विहिरीचं काम झालं, त्यातून निघालेल्या मातीचा ढीग अजून बांधाला पडून आहे. मामांनी त्यातून एक खडा उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. मळकट पांढरा, लहान बटाट्याएवढा, अंगावर गाठीच गाठी, जणू कुणी ओली माती मुठीत दाबून सोडून दिली आहे.

"ह्यानंच विहीर अडली होती बघ. हातभर चुनखड लागली. टिकाव टणाटणा उडायला लागला."

टोपल्यातलं लिंबू कापून त्यांनी दोन थेंब खड्यावर पिळले. फस्स आवाज झाला, बारीक फेस आला आणि विरला. शाळेत हा प्रयोग सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण फेस म्हणजे काय, किती, आणि तो कुठून आला, हे मी कधी मोजून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो खडा खिशात घालून घरी आणला, तराजूत टाकला. १०० ग्रॅमच्या आसपास भरला. तेव्हापासून त्या रानाचे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. शुद्ध चुनखडीच्या १०० ग्रॅममध्ये तो ४४ ग्रॅम कोंडलेला असतो. मोकळा केला तर आपल्याकडच्या हवामानात तेवढ्या वायूला सुमारे २४ लीटर जागा लागते. लग्नाकार्यात पाण्याचे जार येतात ते २० लीटरचे. रानातला खडा काही शंभर नंबरी नसतो, त्यात माती-वाळू अडकलेली असते. दोन तृतीयांश चुना धरला तरी १६ लीटर झाले. मुठीत मावणाऱ्या दगडात जवळजवळ जारभर वायू बसला आहे.

आणि अणू मोजायचे म्हटलं तर आपली मोजदादच संपते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांची नावं एकं, दहं, शतंपासून चढत चढत परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडीत कॅल्शियमचे अणू किती? साठ लाख परार्ध. या यादीतली सर्वांत मोठी संख्या घ्यायची आणि तिला पुन्हा साठ लाखांनी गुणायचं, तेव्हा एवढ्या शुद्ध चुनखडीतला नुसता कॅल्शियम मोजून होतो.

हा वायू खड्यात आला तो मुळांच्या श्वासातून. झाडाची मुळं आणि मातीतले जीवजंतू सतत श्वास सोडतात. त्यामुळं मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दसपट, कधी कधी शंभरपटही असतो. मुळं असतात तरी किती? १९३७ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात हॉवर्ड डिटमर यांनी राय या धान्याचं एकच रोप चार महिने पेटीत वाढवलं, मग माती धुऊन त्याची मुळं मोजली. एक कोटी ३८ लाख मुळं निघाली आणि सगळ्यांची मिळून लांबी ६२३ किलोमीटर भरली. एका रोपाची मुळं नांदेडहून निघून मुंबई गाठतील एवढी. ज्वारीचं ताट रायइतकं तंतुमय नसेल, पण ते काही एकटं उभं नसतं. एकरात त्याचे सोबती हजारोंनी असतात.

पावसाचं पाणी मातीत उतरतं, हा श्वास पोटात घेतं आणि किंचित आंबट होतं. ते आंबट पाणी काळ्या पाषाणातला कॅल्शियम विरघळवत खाली जातं. पुढं ऊन तापतं, मुळं पाणी ओढून घेतात, ओल आटते आणि विरघळलेला चुना जागेवर थिजतो. पुढच्या पावसाळ्यात त्याच गाठीवर आणखी एक पापुद्रा चढतो. घरात बोअरचं पाणी तापवलं की भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, ठिबकच्या नळ्या चोंदतात आणि शेतकऱ्याला ॲसिड सोडून त्या मोकळ्या कराव्या लागतात, ती हीच गोष्ट. रानात तिला हजारो वर्षं मिळाली एवढाच फरक.

इथं पावसाचा आकडा निर्णायक ठरतो. लातूरला सरासरी ७५०-८०० मिलिमीटर पाऊस. दगडातला चुना विरघळवायला पुरेसा, पण तो धुऊन समुद्राला नेण्याइतका नाही. कोकणात याच काळ्या पाषाणावर तीन हजार मिलिमीटर कोसळतो. तिथला चुना केव्हाच वाहून गेला आणि मागं तांबडा जांभा उरला. (उदगीरच्या पठारावरही जांभा आहे, पण तो फार जुन्या, फार ओल्या काळाची खूण.) म्हणजे ज्या तुटपुंज्या पावसाला आम्ही जन्मभर बोल लावतो, त्यानंच हा चुना खोऱ्यात राखला.

आता मामांची विहीर. तोंड वीस फुटांचं, चुनखडीचा थर हातभर, दीड फुटाचा. थरात चौथा हिस्सा खडे आणि बाकी माती धरली, तरी त्या एवढ्याशा गोलात सातेक टन खडे होतात. पिण्याच्या पाण्यातल्या जडपणाची भारतीय मानकाची इष्ट मर्यादा आहे लीटरला २०० मिलिग्रॅम. तसलं पाणी सुकलं असं मानलं तर १०० ग्रॅम चुना साचायला ५०० लीटर पाणी आटावं लागतं, म्हणजे अडीच पिंपं. सात टनांना, खड्यातली माती वजा करून, दोन कोटी लीटरच्या वर पाणी लागतं. विहिरीच्या तोंडावर वर्षाला पाऊस पडतो सुमारे २२ हजार लीटर. त्यातला थेंब न थेंब जड होऊन तिथंच आटला, तरी हजार-अकराशे वर्षं गेली असती. प्रत्यक्षात बहुतेक पाणी वाहून जातं, उडून जातं, पीक पिऊन टाकतं. त्या थरापर्यंत पोचून तिथं आटणारा वाटा नगण्य. म्हणून हिशेब शतकांचा राहत नाही, हजारो वर्षांचा होतो. मांजरा खोऱ्यात नदीच्या जुन्या गाळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्तींचे जीवाश्म मिळाले आहेत. नदीकाठच्या दरडींत वाळू-गोटे चुनखडीनं सिमेंटासारखे घट्ट बांधलेले दिसतात. हे खडे धरायला लागले तेव्हा इथं बैल जुंपणारं कुणी नव्हतं.

विहीर खणणाऱ्यांची भाषा मला भूशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सरस वाटते. वर काळी, मग चुनखड, मग मुरूम, मग मांजऱ्या, शेवटी काळा पाषाण. पाषाण लागला की पाणी लागलं नाही तरी खर्च थांबवावा, असं जुनी माणसं सांगतात. पण पाषाणाखाली काय? याचं उत्तर या खोऱ्याला फार मोठी किंमत मोजून मिळालं.

किल्लारी याच तेरणेच्या खोऱ्यात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आठ ते दहा हजार माणसं गेली, ५२ गावं उद्ध्वस्त झाली. त्या घरांवर माळवद होतं. लाकडाच्या सरांवर पांढरी माती दाबून केलेलं, उन्हाळ्यात थंड राहणारं, पिढ्यान्‌ पिढ्या भर घालून जाड झालेलं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असली तर तिचं वजन आठ टन होतं. दगडमातीच्या भिंतींवर, निजलेल्या माणसांच्या डोक्यावर आठ टन. माझ्या आजोळच्या घरालाही माळवद होतं. तो आकडा मी काढला आणि बराच वेळ पुढं काही लिहू शकलो नाही.

भूकंपाचं कारण शोधायला शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटरचं बोअर घेतलं. ३३८ मीटरपर्यंत नुसता बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, आपला काळा पाषाण. साडेचार कुतुबमिनार एकावर एक ठेवावेत एवढा. त्याखाली फक्त ८ मीटर जुना गाळ. आणि त्याच्याखाली सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा स्फटिकी खडक. पाषाणाचं वय सहा कोटी साठ लाख. मधल्या दोनशे चाळीस-पंचेचाळीस कोटी वर्षांच्या दप्तरातून तिथं उरलं काय, तर आठ मीटर माती.

हे आकडे डोक्यात मावत नाहीत, म्हणून मी ते रस्त्यावर मांडून पाहतो. लातूर ते नांदेड सुमारे १४० किलोमीटर. लातूरला लाव्हा वाहायला लागला आणि नांदेडला आपण आज उभे आहोत असं धरा. एक मीटर म्हणजे ४७१ वर्षं. लाव्ह्याचा मुख्य भर दहा लाख वर्षांच्या आत उरकला, म्हणजे लातूर सोडून दोन किलोमीटर गेलो की पाषाण थंड. त्यानंतर अहमदपूर येतं, लोहा येतं, माणसाचा पत्ता नाही. आपली जात नांदेडात शिरल्यावर शेवटच्या साडेसहाशे मीटरवर येते. दख्खनमधली शेती, तीन-चार हजार वर्षांची, शेवटच्या आठ मीटरवर. कंधारचा किल्ला, तिथला राष्ट्रकूटांचा जगत्तुंग समुद्र तलाव, दोन-सव्वादोन मीटरवर. आणि किल्लारी? चार बोटं. काल झाल्यासारखी अंगावर येते ती उगीच नाही. किल्लारीच्या बोअरच्या तळाशी असलेल्या खडकाला याच मापात जागा द्यायची तर रस्ता ५,३०० किलोमीटरचा लागेल.

लाव्ह्याचं प्रमाण सांगून पुढं जातो. आज दख्खनचा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर उरला आहे. मुळात बाहेर पडलेला लाव्हा दहा लाख घन किलोमीटरांहून अधिक होता असा अंदाज आहे. नुसत्या आजच्या महाराष्ट्रावर तो सारखा पसरला असता तर थर सव्वातीन किलोमीटर जाड झाला असता. काही प्रवाह पश्चिमेकडून निघून हजार किलोमीटरवर, थेट आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत गेले असं भूशास्त्रज्ञ मानतात. पण मला जास्त चकित करतं ते या पाषाणाच्या पोटात काय आहे ते. त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा चुना, कॅल्शियम ऑक्साइड. एक घनमीटर पाषाणातला सगळा चुना हवेतल्या वायूशी जोडला गेला तर अर्धा टन चुनखडी होईल. लातूर जिल्ह्याखालचा फक्त वरचा शंभर मीटर पाषाण धरला तरी सुमारे ३५,८०० कोटी टन. साऱ्या देशात चुनखडीचं उत्पादन २०२२-२३ साली ४० कोटी टनांच्या आसपास होतं. त्या दरानं नऊशे वर्षांचा साठा, आणि तोही वाटेवर.

थरच्या थर चुनखडक पाहायचा असेल तर नांदेडच्या ईशान्येला जावं. किनवट-माहूर मागं टाकून पैनगंगेच्या खोऱ्यानं वणी, राजुरा, आदिलाबादकडं. तिथला चुनखडक सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर साचला आणि त्यावर आज चंद्रपूरचे सिमेंट कारखाने उभे आहेत. तो समुद्राचा दगड. आमच्या खोऱ्यातला पावसाचा आणि मुळांचा.

पण खडा हा शेवटी उरलेला माल. खरी श्रीमंती त्याच्या वरच्या काळीत आहे, आणि तिथं आकडे आणखी विचित्र वागतात.

पोहे खायचा चमचा शिगोशीग काळ्या मातीनं भरा. अकरा-बारा ग्रॅम. त्यातला निम्मा भाग अतिसूक्ष्म चिकणमाती, पत्त्यांच्या कॅटासारखी एकावर एक चळत लागलेली. या मातीची एक ग्रॅम चळत उलगडून पान-पान मांडलं तर सुमारे ७५० चौरस मीटर जागा व्यापते. हिशेब करा. चमच्यात चार हजार चौरस मीटरांच्या वर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एका चमच्यात एकरभर रान आहे.

याच पानापानांच्या फटीत पाणी बसतं. म्हणून काळी पावसात फुगते, पायाला शेर-शेर चिकटते, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगांत वरची माती पडते, खालची वर येते. वापसा साधला तरच आऊत घालता येतं. एक दिवस आधी गेलात तर गारा, दोन दिवस उशीर झाला तर दगड. शहरातून आलेला माणूस या मातीला वैतागतो. पण मीटरभर खोल काळी पिकाला उचलता येईल असं सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. एकराला आठ लाख लीटर. त्याला ना धरण लागतं, ना कालवा, ना वीजबिल. मामा म्हणतात, "पाऊस जातो कुठं? रानाच्या पोटात बसलेला असतो."

आठ लाख लीटर म्हणजे किती, ते लातूरकराला रेल्वेच्या मापात सांगितलेलं चटकन कळतं. एप्रिल २०१६. धरणं कोरडी. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून १२ एप्रिलला पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लीटर. पुढं पन्नास वाघिणींची 'जलदूत' सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लीटर. देशभर फोटो गेले. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाख ८३ हजार. वाटणी केली तर पूर्ण गाडीमागं माणशी साडेसहा लीटर.

आता ते २५ लाख लीटर एका एकरावर ओता. पाणी उभं राहील ६१८ मिलिमीटर. लातूरचा वर्षाचा पाऊस ७५०. पन्नास वाघिणींची अख्खी गाडी म्हणजे एका एकरावर एका वर्षात पडणाऱ्या पावसाहून कमी. पहिल्यांदा हे गणित मांडलं तेव्हा मला वाटलं शून्य चुकलं. तीनदा केलं. चुकलं नव्हतं. मामांच्या तीन एकर काळीच्या पोटात पावसाळा संपताना पूर्ण 'जलदूत' उभी असते, आणि कुणी तिचा फोटो काढत नाही.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,१५७ चौरस किलोमीटर. सरासरी वर्षात त्यावर पडणारं पाणी मोजलं तर एकवीस लाख गाड्या होतात. रोज एक गाडी सोडली तर ५,८०० वर्षं पुरतील. आणि धनेगावचं मांजरा धरण तुडुंब भरलं, २२४ दशलक्ष घनमीटर, तर त्यात मावतात नव्वद हजारांच्या आत. एकवीस लाखांतल्या नव्वद हजार. पाणी धरणात शोधायची आपल्याला सवय लागली आहे. मला ती सवय महागात पडलेली दिसते.

जुन्या शेतीनं पाणी मातीत शोधलं होतं. रब्बी ज्वारी हा त्याचा सर्वांत सुंदर पुरावा. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, वखरून वखरून तण मारायचं आणि ओल मुरवायची, आणि पाऊस सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं. वरून थेंब पडला नाही तरी पीक पोटातल्या ओलीवर उभं राहतं. जमीन तडकायला लागेपर्यंत दाणा भरलेला असतो. ज्वारीला एक किलो सुकं वजन धरायला सुमारे ३०० लीटर पाणी लागतं. एका भाकरीचं पीठ १०० ग्रॅम, म्हणजे तीनेक हजार दाणे. त्या दाण्यांमागं ताट, पानं धरून तिसरा हिस्सा किलो वजन. म्हणजे एका भाकरीला १०० लीटर ओल. एकरातल्या आठ लाख लीटरच्या आठ हजार भाकरी, आठ क्विंटल. कोरडवाहू रब्बीचं चांगलं वर्ष असलं की मामा एकरी इतकंच सांगतात. त्यांनी हे गणित कधी केलेलं नाही. त्यांना करायची गरज नाही.

ही ओल राखायला चालावं किती लागायचं? बैलाचा नांगर वीतभर, वीस सेंटिमीटर रुंदीचं तास काढतो. एकर नांगरायचा म्हणजे वीस किलोमीटर चालणं, तेही ढेकळांतून, नांगराला रेटा देत. सात एकर नांगरले की लातूरहून नांदेडला पोचलात. त्यानंतर मोघडणी, वखराच्या पाळ्या, तिफण. या चालण्यासाठीच या दोन जिल्ह्यांनी दोन जाती घडवल्या. लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी. दोन्ही काळ्या रानात कामाला तगड्या. देवणीत अंगावरच्या रंगावरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार शेतकरी लांबूनच ओळखतो. मामांच्या दावणीला आता एकच देवणी गाय आहे. नांगरट ट्रॅक्टरनं होते, आणि त्याबद्दल मी त्यांना बोल लावणार नाही. वीस किलोमीटर मी चाललेलो नाही.

बोल लावायचा तो दुसऱ्या गोष्टीला. याच मांजरा खोऱ्यात ऊस पसरला. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं. एकराला ऐंशी लाख लीटर. तीन 'जलदूत' एका एकराला. आणि दुसरीकडं ज्या मातीत पाणी बसतं ती मातीच जाते आहे. भारतातल्या जमिनीची धूप मोजणारा १९८३ सालचा प्रसिद्ध अंदाज आहे हेक्टरी १६.३५ टन, दर वर्षी. एकराला साडेसहा टन, ट्रॅक्टरच्या दीड-दोन ट्रॉल्या. जाडीत हे जेमतेम सव्वा मिलिमीटर, डोळ्यांना दिसणारही नाही. पण मीटरभर काळी या दरानं आठशे वर्षांत संपते. लातूर-नांदेड रस्त्यावर आठशे वर्षं म्हणजे दोन पावलं. मामांच्या वडिलांनी उताराला दगडाची ताल घातली होती, गुडघाभर उंच. तिच्या वरच्या अंगाला माती तालीच्या माथ्याला लागली आहे, खालच्या अंगाला गुडघाभर खाली. मी तिथं हात लावून पाहिला. एका माणसाच्या आयुष्यात गुडघाभर माती वाचली.

"चला, पान वाढलं," मामींची हाक आली.

कोपीत पाच पांडव मांडले होते. नदीतले पाच गोटे, एका ओळीत, त्यांना मामींनी नुकताच चुना लावला होता. पूर्वी हा चुना विकत आणत नसत. रानातले हेच खडे वेचून गावच्या भट्टीत भाजत. औसा, उदगीर, कंधारच्या किल्ल्यांच्या भिंतींतला चुना असाच भट्टीतून, घाणीतून निघाला. टनभर शुद्ध चुनखडी नऊशे अंशांवर भाजली की ५६० किलो चुना हाती येतो आणि ४४० किलो वायू आकाशात जातो. मुळांचा हजारो वर्षांचा श्वास एका रात्रीत मोकळा. मग चुना भिजवून लावला की तो हवेतून तोच वायू हळूहळू परत ओढतो.

पान वाढलं होतं. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, मडक्यात गार आंबील. आधी मामांनी आंबिलीचं मडकं खांद्यावर घेऊन रानाला फेरी मारली, पळसाच्या पानानं ज्वारीवर चर शिंपडत. पोरं मागं ओरडत धावली. मी कोपीतच बसून राहिलो. मघाशी राखाडी, ओला दिसणारा गोट्यांवरचा चुना कडेकडेनं पांढरा पडायला लागला होता. बोटाच्या पेरानं हलकेच टेकून पाहिलं, तर वरचा पापुद्रा कडक लागला. पाचही दगडांवर पुन्हा चुनखड धरत होती.